भाकऱ्यांचा रकाना

1962 साली महाराष्ट्रातून लोकसभेवर 44 खासदार जायचे होते; त्यांतले 41 काँग्रेसचे गेले. 1971 ला 45 पैकी 42. 1984 ला, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत, 48 पैकी 43. या तिन्ही वेळी जे चार-दोन मतदारसंघ लाटेत वाहून गेले नाहीत त्यांत राजापूर होतंच होतं. 1957, 1962, 1967 असे तीनदा बॅरिस्टर नाथ पै, आणि 1971 पासून 1989 पर्यंत सलग पाच वेळा प्रा. मधू दंडवते. 1991 ला दंडवते पडेपर्यंत चौतीस वर्षं या एका मतदारसंघाने समाजवाद्यांनाच दिल्लीला पाठवलं. त्यांच्या पक्षाचं नाव बदलत राहिलं, निशाणी बदलत राहिली, तिजोरी मात्र कायम रिकामी.

हे आकडे आमच्या घरात पाढ्यांसारखे पाठ होते. घर देवगड तालुक्यात, खाडीच्या अंगाला. हा सगळा इतिहास मी आधी पडवीत ऐकला, पुस्तकात फार नंतर वाचला. सांगणारी माणसं तीन. आजोबा प्राथमिक शिक्षक, म्हणून दर निवडणुकीला मतदान केंद्रावर ड्युटी ठरलेली. अण्णा, म्हणजे थोरले काका, राष्ट्र सेवा दलातून प्रजासमाजवादी पक्षात गेलेले, आयुष्यभर त्याच पक्षाचे. आणि बायआत्या. तिला कुठल्याच पक्षात कोणी घेतलं नव्हतं, पण सगळी निवडणूक तिच्या चुलीवरून जायची. तिघांच्या गोष्टी एकमेकींशी कधी जुळल्या नाहीत. जुळल्या असत्या तर मी त्या इतक्या वेळा ऐकल्या नसत्या.

आजोबांची गोष्ट 1957 ची. त्या वेळी मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याची निशाणी डकवलेली. मतदाराने पडद्याआड जायचं आणि आपल्या माणसाच्या पेटीत कागद सरकवायचा. काँग्रेसची बैलजोडी, प्रजासमाजवाद्यांची झोपडी. काही मतदार कागद पेटीत टाकायच्या ऐवजी पेटीच्या डोक्यावर आदराने ठेवून यायचे, काही तो घडी करून कनवटीला लावून घरी न्यायचे. संध्याकाळी मतदान संपल्यावर आजोबा पडद्याआड गेले तर एका पेटीवर हळदकुंकू आणि वर एक आणा. कोणत्या पेटीवर, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मतदान गुप्त असतं म्हणाले. त्या आण्याचं काय केलं, हेही कधी सांगितलं नाही.

अण्णांच्या गोष्टीत पेट्या नव्हत्या, पाय होते. तेव्हाचं दक्षिण कोकण डोळ्यांपुढे आणायचं तर आधी पूल काढून टाकावे लागतात. खाडी आली की तर. तरीची वेळ चुकली की पुढची येईस्तोवर धक्क्यावर बसायचं. मुंबईहून आगबोट, तीही पावसाळ्यात बंद. अशा मुलखात लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेला, वेंगुर्ल्यात जन्मलेला, पस्तिशीही न गाठलेला माणूस उमेदवार म्हणून उभा राहिला. संयुक्त महाराष्ट्राचं वारं होतंच. पण अण्णांच्या लेखी वारं दुय्यम, बोलणं पहिलं. देवळाच्या आवारात गॅसबत्ती लावायची, जत्रा असेल तर दशावतारी मंडळी आपला खेळ उशिरा सुरू करून जागा द्यायची, आणि नाथ पै बोलायला उभे राहिले की मागच्या रांगेतली विडी विझायची. सभा संपवून माणसं रात्री चुडी पेटवून डोंगर ओलांडत घरी जायची. दुसऱ्या दिवशी ती सभा पुढच्या गावात तोंडी पोचलेली असायची. प्रचाराचा हा भाग फुकट होता.

बाकीच्याला पैसे लागायचेच. अण्णांकडे एक लांब वही होती, वाण्याकडे उधारीला असते तसली. तिच्यातल्या नोंदी मी लहानपणी वाचल्या आहेत: बत्तीचं रॉकेल, मेंटल, भिंतींसाठी चुना आणि काव, तरीचं भाडं, कर्णा दुरुस्ती. जमेच्या बाजूला सभेत फिरवलेल्या टोपीतली चिल्लर, आणि गावच्या मुंबईकर मंडळाची मनिऑर्डर. ही मनिऑर्डर महत्त्वाची. गिरणगावात एका खोलीत पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपणारे चाकरमानी पगारातून काढून पाठवायचे. ते मतदार होते मुंबईत. इथे त्यांचं मत नव्हतं, पण शब्द होता. घरी पत्र यायचं, त्यात खुशालीनंतरच्या ओळीत मत कोणाला ते लिहिलेलं असायचं.

कायदा तेव्हाही होता. लोकसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा 25,000 रुपये, अनामत 500, आणि एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत की अनामत जप्त. निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा. 500 रुपये म्हणजे आजोबांचा कित्येक महिन्यांचा पगार. अण्णा म्हणायचे, मर्यादा ओलांडायची म्हटली तरी आम्हाला ते जमलं नसतं. विरुद्ध बाजूच्या जीपगाड्यांबद्दल ते पुष्कळ बोलायचे. त्यातलं किती खरं आणि किती पराभूत बाजूची चेष्टा, हे मी ठरवू शकत नाही. पण एक वाक्य ते नेहमी त्याच शब्दांत म्हणायचे: "पैसे नाय होते म्हणान आमी चलत गेलंव. चलत गेलंव म्हणान मानसां भेटली."

मी कितीतरी वर्षं हे वाक्य मान्य करून बसलो होतो. त्यावर बायआत्याने कधीतरी, कैऱ्या चिरता चिरता, सहज म्हटलं, "झोपडी निवडान इली म्हणतत. पण चूल खंयच्या झोपडीत पेटली, तां कोण इचारता?"

मग तिच्या बाजूची गोष्ट निघाली. 1971 ची. नाथ पै 18 जानेवारीला बेळगावला वारले. लोकसभा आधीच विसर्जित झालेली, मार्चच्या सुरुवातीला मतदान. मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे, जन्माने नगरचे मधू दंडवते उमेदवार म्हणून आले. देशभर 'गरिबी हटाओ'. प्रजासमाजवादी पक्षाचे त्या निवडणुकीत अख्ख्या भारतात दोनच खासदार झाले, त्यांतला एक राजापूरचा. अण्णांच्या तोंडी ही गोष्ट दुःखाची आणि निष्ठेची आहे: दुखवटा संपायच्या आत माणसं बाहेर पडली, मुंबईहून रजा टाकून पोरं आली, ज्यांनी नाथ पैंना ऐकलं होतं त्यांनी दंडवत्यांना स्वतःहून मत दिलं. आत्याच्या तोंडी तीच गोष्ट पिठाची आहे. घरात पंधरा-सोळा पोरं उतरलेली. पहाटे तांदळाच्या भाकऱ्या, त्यांच्याबरोबर सुक्या बांगड्याची चटणी, फडक्यात बांधून द्यायची. ती पोरं रात्री कोणत्या वेळी परततील याचा नेम नाही, म्हणून पेज चुलीवर ठेवून जागायचं. पाणी विहिरीचं, शेंदायचं तिने आणि आजीने. त्या दोन महिन्यांत घरातले वर्षाचे तांदूळ आषाढ गाठणार नाहीत हे तिला फाल्गुनातच कळलं होतं. अण्णांना ते आषाढात कळलं.

वहीत यातलं काही नाही. मी नंतर मुद्दाम पाहिलं. चुना आहे, काव आहे, कर्णा आहे. भाकरी नाही, पीठ नाही, जळण नाही. अण्णांनी लपवलं असं नव्हे. तो खर्च आहे हे त्यांच्या मनातच आलं नाही. घरच्या बायकांनी रांधणं हा खर्च कसा? स्वस्त निवडणुकीच्या ज्या आठवणींवर आमच्या पिढीने गळा काढला, त्या सगळ्या आठवणी पुरुषांनी सांगितलेल्या आहेत. समाजवाद्यांबद्दल मला ममत्व आहे, ते जाणार नाही. तरी राजापूरची निवडणूक पैशाशिवाय जिंकली गेली, असं मी आता म्हणत नाही. ती ज्यांनी पैसे मागितले नाहीत अशांच्या जिवावर जिंकली गेली.

गंमत अशी की आत्याचा प्रश्न, म्हणजे उमेदवाराच्या वतीने दुसऱ्याने केलेला खर्च कोणाचा, हाच प्रश्न त्या निवडणुकीनंतर तीन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयासमोर आला. खटला दिल्लीतल्या सदर मतदारसंघाचा, त्याच 1971 च्या निवडणुकीचा. जनसंघाचे कंवरलाल गुप्ता विरुद्ध काँग्रेसचे विजयी उमेदवार अमरनाथ चावला. ऑक्टोबर 1974 मध्ये न्यायालयाने सांगितलं की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च, उमेदवाराने जाणूनबुजून त्याचा लाभ घेतला असेल, तर त्याच्याच हिशेबात धरला पाहिजे. नाहीतर मर्यादेला अर्थ काय? चावलांची निवड रद्द झाली. त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढला आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 77 व्या कलमाला एक स्पष्टीकरण जोडलं: पक्षाने, मित्राने, संघटनेने किंवा अन्य कोणीही केलेला खर्च उमेदवाराचा मानायचा नाही. पुढे त्याचा कायदा झाला. या एका स्पष्टीकरणाने खर्चमर्यादेच्या भिंतीला दरवाजा ठेवला. बायआत्याच्या भाकऱ्या त्यातून कायदेशीरपणे बाहेर पडल्या. त्याच दरवाजातून कारखानदारांच्या गाड्या, ठेकेदारांचे मांडव आणि सहकारी साखरसम्राटांचे ट्रक आत आले. कायद्याला दोन्हींत फरक करता येत नव्हता, आणि करायचाही नव्हता.

हा दरवाजा अर्धा तरी बंद व्हायला 2003 साल उजाडावं लागलं. पक्षाच्या पुढाऱ्यांचा प्रवास तेवढा वगळून बाकीचं उमेदवाराच्या खात्यात धरायचं ठरलं. पक्षाच्या स्वतःच्या खर्चावर मात्र आजही मर्यादा नाही.

दंडवत्यांचं पुढचं पर्व आमच्या घरात झटपट सांगितलं जायचं, कारण ते सुखाचं होतं. आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात, 1977 ला पुन्हा निवडून, थेट रेल्वेमंत्री. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आली ती त्यांच्या काळात. ज्या मतदारसंघाने त्यांना निवडून दिलं त्यात तेव्हा रेल्वेचा एक रूळ नव्हता, आणि आमच्या गावातल्या लोकांना त्या गादीचा अभिमान मात्र असा, जणू तिच्यातला काथ्या इथूनच गेला होता. निशाणी बदलत गेली: झोपडी गेली, नांगरधारी शेतकरी आला, मग चक्र. प्रत्येक निवडणुकीत निम्मा प्रचार "यंदा प्राध्यापकांची निशाणी कोणती" हे शिकवण्यात जायचा. त्यासाठी भिंती पुन्हा रंगवाव्या लागत, आणि चुन्याचा भाव वाढत चालला होता.

1991 च्या पराभवावर अण्णांचं उत्तर तयार असायचं: पैसा. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले आणि अण्णांनी त्या वर्षी आंबे उतरवायलाही माणूस बोलावला नाही. मला हे उत्तर पटत नाही. पैसा होता, पण पैशाआधी दुसरं काही घडून गेलं होतं. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो रीतसर कधी संपलाच नाही. अडीच लाखांच्या आसपास कामगार, त्यांत आमच्या पट्ट्यातली घरटी एक-दोन माणसं. मनिऑर्डरी आटल्या. गावकरी मंडळांच्या खोल्या मोडल्या. पत्रातून मताची ओळ लिहिणारा माणूस स्वतःच गावी परतून बागेत राखण करू लागला. त्याच्या मुलाला सेवा दलाची शाखा ठाऊक नव्हती. शिवसेनेची ठाऊक होती. 1990 ला मालवणातून नारायण राणे शिवसेनेचे आमदार झाले तेव्हाच हे कळायला हवं होतं. चालत जाणारे कार्यकर्ते म्हातारे झाले, आणि नव्याने चालत जायला कोणी तयार नव्हतं. त्यात पोरांचा काही दोष मला दिसत नाही. त्यांच्या बहिणींनीही पहाटे उठून भाकऱ्या थापायचं नाकारलं होतं, ही चांगलीच गोष्ट झाली.

कोकण रेल्वे 1998 च्या जानेवारीत पूर्ण धावू लागली तेव्हा राजापूरचे मावळते खासदार शिवसेनेचे सुरेश प्रभू होते, व्यवसायाने सनदी लेखापाल. त्यावर अण्णांनी केलेला विनोद छापण्यासारखा नाही.

खर्चमर्यादा तोवर धावत सुटली होती. 1971 ला 35,000 होती, 1980 च्या निवडणुकीला लाखावर गेली, 1984 ला दीड लाख. मुख्य निवडणूक आयुक्त शेषनसाहेबांच्या काळात, 1994 ला, साडेचार लाख झाली आणि निरीक्षक, व्हिडिओ कॅमेरे, दैनंदिन तपासणी हे सगळं गावागावात पोचलं. भिंती रंगवणं बंद झालं. चुनेवाल्यांचा धंदा गेला, बॅनरवाल्यांचा आला. 1997 ला 15 लाख, 2003 ला 25, 2011 ला 40, 2014 ला 70, आणि 2022 पासून 95 लाख. मर्यादा वाढते ती महागाईने, असं सांगतात. महागाईबरोबर प्रामाणिकपणा वाढायला हवा होता, तसं झालेलं दिसत नाही. 2013 साली मुंबईतल्या एका कार्यक्रमात गोपीनाथ मुंडे यांनी जाहीरपणे सांगितलं की 2009 च्या बीडच्या निवडणुकीत आपल्याला आठ कोटी रुपये खर्च आला. मर्यादा तेव्हा 25 लाख होती. निवडणूक आयोगाने त्यांना नोटीस काढली. लोकांना धक्का बसला तो आकड्याचा नाही. एवढं सगळ्यांना ठाऊक असलेलं कोणी माइकवरून बोलून दाखवलं, याचा बसला. अण्णा तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. पेपर खाली ठेवून म्हणाले, "खरा बोललो, म्हणान नोटीस." नंतर मुंड्यांनी तो आकडा माझा नव्हता, सर्वसाधारण परिस्थिती सांगत होतो, असा खुलासा केला, तोही अण्णांनी वाचला आणि काही बोलले नाहीत.

आता मतदारसंघाचं नाव राजापूर राहिलेलं नाही. 2009 पासून तो रत्नागिरी-सिंधुदुर्ग आहे. 2024 ला नारायण राणे 47,858 मतांनी निवडून आले, विनायक राऊत हरले. त्या निवडणुकीत माझा एक चुलतभाऊ एका उमेदवाराच्या हिशेबाला होता. कोणत्या, ते तो सांगत नाही, आणि आजोबांचा नातू म्हणून मीही विचारत नाही. त्याचा व्यवसाय लेखापालाच्या कचेरीतला. त्याच्याकडून ऐकलेलं असं: अर्ज भरायच्या किमान एक दिवस आधी बँकेत निवडणुकीचं वेगळं खातं उघडायचं. एका माणसाला दहा हजारांवर रोख द्यायची नाही. नोंदवहीची पानं तीन रंगांची, रोजच्या खर्चाची पांढरी, रोखीची गुलाबी, बँकेची पिवळी. जिल्हा प्रशासन दरपत्रक काढतं. खुर्ची, मांडव, चहा, वडापाव, जेवणाची थाळी, प्रत्येकाला भाव लावलेला. तुम्ही कमी दाखवलंत तरी तपासणारे त्या दराने धरतात. त्यांची स्वतःची छायानोंदवही असते. पक्षाचा मोठा पुढारी हेलिकॉप्टरने आला तर त्याचा प्रवास पक्षाच्या खात्यात. पण सभेच्या मंचावर उमेदवार त्याच्या शेजारी उभा राहिला, किंवा मागच्या फलकावर उमेदवाराचा फोटो असला, की सभेचा खर्च उमेदवाराकडे वळतो.

"मग काय करता?" मी विचारलं.

"उमेदवार उशिरा पोचतो," तो म्हणाला.

मी त्याला अण्णांची वही दाखवली. त्याने धंद्याच्या नजरेने पानं उलटली, रॉकेलच्या नोंदीपाशी थांबला, व्हाउचर नाही म्हणाला. भाकऱ्यांचं मी सांगितल्यावर मात्र तो गंभीर झाला. आज दहा कार्यकर्ते एखाद्या घरी जेवले आणि कोणी फोटो टाकला, तर थाळीच्या दराने दहा जेवणं खात्यात लागू शकतात, हे त्याने मला समजावलं. जेवू घालणाऱ्याचं नाव देणगीदार म्हणून लिहावं लागेल. म्हणजे पन्नासेक वर्षांनी का होईना बायआत्याला रकाना मिळाला असता. तिच्यासारख्या आता कोणी जेवू घालत नाहीत हा भाग वेगळा. जेवण हॉटेलातून येतं, पाकिटात.

बायआत्या अजून आहे. 2024 ला 85 वर्षांवरच्या मतदारांना घरून मतदान करता येणार होतं. मतदानाच्या दिवसाआधी एका सकाळी पथक आमच्या पडवीत आलं: दोन अधिकारी, एक पोलीस, एक चित्रीकरण करणारा मुलगा, आणि पुठ्ठ्याचा आडोसा. एवढी माणसं आपल्या एका मतासाठी डोंगर चढून आली हे पाहून ती जरा दबली. आडोशामागे बसून तिने मत दिलं, लिफाफा चिकटवला, सही केली. मग नेहमीप्रमाणे चहा टाकायला उठली. अधिकारी बाई हात जोडून म्हणाल्या, "नको आजी, आम्हाला काही घेता येत नाही."

"पाणी तरी?"

"पाणी आहे आमच्याकडे," आणि त्यांनी पिशवीतली बाटली दाखवली.

ती परत बसली. चित्रीकरण चालूच होतं. तिने चुलतभावाकडे वळून विचारलं, "झिला, ह्येंचो खर्च खंयच्या नावार?"

"सरकारच्या, आत्या."

"आनी आमचो?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. पथकातल्या मुलाने कॅमेरा बंद केला, कागद मोजून झाले, आणि पुढच्या घरी एक ब्याण्णव वर्षांचे आजोबा आहेत म्हणून ती माणसं उतरणीला लागली.